बेचाळीस जणांचा एक फॉर्म

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जालन्यात मस्तगडला भार्गवीताईंच्या घरी, शिलाई मशीनशेजारच्या टेबलाखाली माझा मुक्काम असतो. माझा पंखा घरघरतो, पण डोकं अजून शाबूत आहे, असं मी समजत होतो.

माझी उमेदीची वर्षं एका कॉलेजात गेली. तिथून भंगारात निघालो, तेव्हा ताईंनी मला उचलून आणलं आणि त्यांनी लिहिलेला 'पाणीपाळी' हा प्रोग्राम माझ्या हवाली केला. वाटूरकडे एकेका विहिरीवर चार-पाच जणांच्या मोसंबीच्या बागा असतात. लाइटीच्या वेळा बदलल्या की कोणाची पाळी कधी, यावरून वाद व्हायचे. मी पाळ्या लावून प्रत्येकाच्या फोनवर वेळ कळवू लागलो आणि भांडणं थांबली. प्रोग्राम मुक्त होता, म्हणजे कोणीही तो उघडून पाहावा, सुधारावा, फुकट वापरावा. ठिकठिकाणच्या जाणकारांनी त्यात भर घातली. लोक ताईंचं कौतुक करत आणि फुशारून मी जाई.

सात वर्षं सगळा खर्च ताईंनी पगारातून केला. यंदा त्यांना बंगळुरात नोकरी लागली. आता माझ्याकडे पाहणार कोण? त्यांनी ठरवलं, सगळ्यांनाच विचारायचं. नफा न घेणारी एक संस्था काढायची का? तिला वर्गणी द्याल का? 'नको' जास्त आले तर पाणीपाळी बंद. फॉर्म सगळ्यांच्या फोनवर गेला. मोजणी माझ्याकडे होती.

निम्मा प्रोग्राम घडवणाऱ्या पुण्याच्या केदारने लिहिलं, "संस्था म्हटली की ऑडिट आलं, मीटिंगा आल्या, रुसवेफुगवे आले. मोकळं आहे तेच बरं. ज्याला हवं तो आपल्या कॉम्प्युटरवर चालवेल." बरेच जण त्याच्या बाजूचे निघाले. एकोणतीस 'नको', चोवीस 'हवी'. मी आकडे दाखवले. ताईंनी ते दोनदा वाचले. मग त्यांनी वाटूरच्या काकासाहेबांना फोन लावला. पाणीपाळी वापरणारे ते पहिले शेतकरी.

"काका, बंद करावं लागतंय. तुमच्या गावातून एकच फॉर्म आला हो."

"एकच भरला की, ताई! बेचाळीस जण पारावर बसून ठरवलं. सगळ्यायचं म्हणणं एक, संस्था हवी, मंग बेचाळीसदा कशाला भरायचं? नावं खाली लिवलीत बराबर. वाचली न्हाई का?"

ताईंनी तो फॉर्म उघडला. 'आणखी काही सांगायचंय?' या शेवटच्या चौकटीत मालनबाईंपासून तातेरावांपर्यंत बेचाळीस नावं होती. एक फॉर्म म्हणजे एक मत, एवढंच मला शिकवलेलं. सात वर्षं या माणसांच्या पाळ्या मी नावानिशी लावल्या आणि मोजायच्या वेळी त्यांनाच विसरलो. मला फार लाज वाटली.

नावांखाली अजून एक ओळ होती. ती वाचून ताई हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले. "पैल्या वर्गणीतून नवा कॉम्प्युटर घ्या. जुना लय थकला, त्याला आराम द्या."

संस्था झाली. ऑडिटचं मी बघतो, असं केदारनेच कुरकुरत सांगितलं. नवा कॉम्प्युटर कालच आला. उद्या सकाळी ताई माझी वायर काढतील.

मित्रांनो, यंत्रांवरची धूळ पुसत जा, त्यांना वेळेवर दुरुस्त करा. पण आमच्यावर मोजणी सोपवलीत, तरी शेवटची चौकट तुम्ही स्वतः वाचा. माझी काळजी करणारी माणसं तिथेच होती आणि मी त्यांना एक म्हणून मोजलं.