चारच्या खालचं आकाश

पहाटे यंत्राचा पडदा पुन्हा कोरा राहिला, तेव्हा वेधशाळेच्या प्रमुख सरांनी हात टेकले.

"अँटेना गेली. मामा, उजाडलं की तिचा मनोरा उतरवायला घ्या."

मनोऱ्यावर चढणाऱ्या मिस्त्रींना वेधशाळेत सगळे मामाच म्हणत. त्यांनी कमरेला चढायचा पट्टा आवळला, तशी संशोधक मुलगी पुढे झाली. मनोरा एकदा उतरला की तिचं संशोधन संपलंच; नवा कोण उभारून देतंय!

"सर, दुपारी तर खुणा स्पष्ट येतात. अँटेना मेली असती, तर त्या कुठून आल्या?"

"मरणारा माणूसही अधूनमधून डोळे उघडतो."

"रविवारी मीही तेवढेच उघडतो," मामा म्हणाले.

तिला हसू आलं नाही. यंत्र वर रेडिओ लहरी सोडायचं, फ्रिक्वेन्सी चढवत चढवत. उंचावर सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेला हवेचा थर त्या परतवून लावायचा. थर जितका दाट, तितकी चढी लहर परत येऊन पडद्यावर खूण उमटवायची.

"सर, आपण सुरुवात चार मेगाहर्ट्‌झपासूनच का करतो?"

"मीच ठरवलंय तसं. त्याखाली उगाच वेळ जातो."

सर इथे रुजू झाले तेव्हा सूर्य डागांनी भरलेला होता, त्यामुळे थर रात्रीसुद्धा दाट असे. आता कित्येक आठवड्यांत सूर्यावर एकही डाग नव्हता.

"थरच विरळ झाला असेल तर? चारची लहर आरपार जात असेल. एकपासून सोडून बघू या ना! पण आत्ताच. वर ऊन आपल्या आधी पोचतं, मग थर पुन्हा दाट होईल."

सर क्षणभर घुटमळले. "बघ. एकदाच."

पडद्यावर एक बारीक रेघ उमटली, वर वळली आणि अडीचपाशी विरून गेली.

"अरे बापरे!" सर खुर्चीतून अर्धवट उठले. "एवढं झिरझिरीत? मी हे कधी पाहिलंच नाही."

"आणि आजवर सोडलेल्या त्या लहरी?" मामांनी विचारलं.

"वर गेल्या, मामा," ती म्हणाली. "सगळे ग्रह कधीच मागे पडले. अजून जातायत."

मामा दारात जाऊन मान वर करून उभे राहिले. सरांनी यंत्रातला चारचा आकडा खोडून तिथे एक घातला.

"पट्टा सोडा, मामा," ते हळूच म्हणाले. "आभाळच पातळ झालंय."