सहीची जागा

जगदीश सरांनी चिमट्याने नोट उचलून ओसरीवरच्या उन्हात तिरपी धरली, तेव्हा चहा घेऊन आलेली कामिनी उंबऱ्यातच थांबली.

नोट शतकाहून जुनी. कधीच बुडालेल्या एका लहानशा बँकेने काढलेली. तापीकाठच्या या गुजर कुटुंबात ती लक्ष्मी म्हणून देव्हाऱ्यात असे. कामिनीच्या सासूबाई, सिंधुबाई, लग्न होऊन या घरात आल्यापासून दर दिवाळीला नोटेच्या एकाच कोपऱ्यावर हळदकुंकू वाहत. जुन्या नोटांचे जाणकार असलेले सर लोणखेड्याहून मोल सांगायला येणार, म्हणून कामिनीने काल ओल्या फडक्याने ते कुंकू पुसले. त्याखाली बँकेच्या चालकाची शाईची सही आहे, असे घरात सारे सांगत. फडके उचलले, तो कोरा कागद! कामिनीच्या लग्नाला अजून वर्षही झाले नव्हते.

"नोटेला नवरीसारखी हळद लावलीत की, शांतीलालभाऊ!" सर तिच्या सासऱ्यांना म्हणाले.

"लक्ष्मी शे ती. तिले नही ते काय तुम्हले लावू?" सासरे हसले. मग वाकून पाहताच त्यांचा चेहरा उतरला. "सही कोठे गई?"

"सहीवाचून हिचे मोल नाममात्रच," सर म्हणाले.

"कोनी पुसी?"

 कामिनीने चहाचे तबक खाली ठेवले. 

"बाबा, मी काल..."

"थांबा." सरांनी खिशातले भिंग काढून नोटेवर धरले. "इथला कागद पूर्वी कधीतरी भिजून खरवडला गेला आहे. त्या विसकटलेल्या तंतूंत कुंकू खोलवर मुरले आहे, थरावर थर. म्हणजे सही आधी गेली, कुंकू नंतरचे. तीस-चाळीस वर्षे सहज झाली असावीत."

"मंग आमना आजाना काम व्हई!" शांतीलाल सुस्कारा टाकून म्हणाले आणि सरांना आणखी काही विचारू लागले.

पलीकडे वाती वळीत बसलेल्या सिंधुबाईंचे हात थांबले होते. सासऱ्यांसमोर सुनेने बसायचे नाही, अशी घरची रीत. तरी त्यांनी कामिनीचे मनगट धरून तिला शेजारी बसवले.

"राती झोप लागनी का तुले?" त्यांनी अगदी हळू विचारले.

कामिनीने नकारार्थी मान हलवली.

"मालूम शे मले. मले बी नही लागनी व्हती तवय," सिंधुबाई म्हणाल्या. मनगट त्यांनी बराच वेळ सोडले नाही.