वहिनीने न दाबलेलं बटण

गळ्याच्या ऑपरेशनआधी वहिनीने आईला बसवून तिच्या सगळ्या गोष्टी रेकॉर्ड करून घेतल्या. ऑपरेशननंतर आईचा आवाज कायमचा गेला. रेकॉर्डिंगं तेवढी राहिली, आणि ती सगळी कपाटातल्या स्टोरेजच्या डब्यात होती.

डबा मीच बसवला होता. नेटवर्कची कामं हाच माझा धंदा. आयस्कझी नावाच्या पद्धतीने नेटवर्कवरून जोडला की तो कपाटातला डबा वहिनीच्या कॉम्प्युटरला स्वतःचीच डिस्क वाटतो. मात्र एका वेळी एकच कॉम्प्युटर जोडायचा. दोन जोडले, की एकाच पाटीवर दोघांनी डोळे मिटून लिहिल्यासारखं होतं. हे मी वहिनीला बजावलं, ताईला सांगायचं राहिलं. वर पासवर्डची चिठ्ठी डब्यालाच चिकटवली, आणि रेकॉर्डिंगांची दुसरी प्रत ‘करू निवांत’ म्हणत काढलीच नाही. असा मी शहाणा!

ताई राहायला आली आणि रेकॉर्डिंगं नीट लावण्यात वहिनीला हातभार लावायचा म्हणून तिने आपला लॅपटॉपही गुपचूप त्याच डिस्कला जोडला. दोघी दुपारभर आपापल्या खोलीत खपत होत्या. मग वहिनीचा फोन आला.

“भाऊजी, लगेच या. डिस्क रिकामी दिसतेय. फॉरमॅट करायचं का, असं विचारतंय.”

“वहिनी, तू काही दाबलंस का?”

“नाही. ताई म्हणाल्या, दाबून तर बघू. मी माउस काढून आईंच्या हातात देऊन ठेवलाय.”

पोचलो तेव्हा आई माउस मुठीत धरून बसली होती. ताईचे डोळे सुजले होते; आपणही लॅपटॉप जोडल्याचं तिने मी पोचताच सांगून टाकलं. तिला झाडायचं ठरवून आलो होतो, पण जमलं नाही. तिचा लॅपटॉप डिस्कपासून वेगळा केला, अख्ख्या डिस्कची नक्कल काढली आणि दुरुस्ती त्या नकलेवर चालवली. दुपारचं काम वाया गेलं, पण गोष्टी एकेक करत सगळ्या परत आल्या. डिस्क कोरी करणारं ते बटण दाबलं गेलं असतं, तर गोष्टी परत मिळतील असं मी छातीठोकपणे सांगू शकलो नसतो.

“वहिनी, तुझे उपकार कसे फेडू?”

“मी कुठे काय केलं?”

“तेच तर!”

हाताला लागेल ती फाईल लावली. “बंड्या, मध्ये बोलू नकोस, मशीन चालू आहे!” आईचा खणखणीत आवाज. आई खांदे हलवत हसली आणि तिने बोटाने खुणावलं, परत लाव.

मला बंड्या म्हणणारं घरात दुसरं कोणी नाही. मी परत लावलं.