कडे न घातलेली बाई

काचेच्या कारखान्यातील बारा कामगारांनी तांब्याचे कडे घातले. सोळा दिवसांत त्यांपैकी अकरा जणांचा रक्तदाब उतरला, एकाचा उतरला नाही. त्याच सुमारास एका बाईचाही रक्तदाब उतरला. तिने कडे घातलेले नव्हते.

ही मोजणी माझी. मी कारखान्याच्या दवाखान्याचा डॉक्टर. सोळाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पॅकिंगच्या दालनात पोचलो, तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. खोक्यांच्या चळतींवर माणसे चढून बसली होती. मधोमध ही कडी देणारा कडेबाबा उभा होता आणि त्याच्या हातात माझ्या नोंदवहीतून उतरवलेला कागद होता.

“बाळांनो, रक्तदाब म्हणजे काय? आतली आग! आणि तांबं म्हणजे काय? आगीचा जावई! जावई दारात आला की सासू आवाज खाली करते की नाही?”

“आमची नाही करत!” मागून कोणीतरी ओरडले. दालन हसले. बाबाही हसला. टाळ्यांची जागा त्याला बरोबर ठाऊक होती.

“माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या डॉक्टरांवर ठेवा. आकडे त्यांचे, अक्षर त्यांचं. डॉक्टर, आकडे खोटे आहेत का?”

“खरे आहेत,” मी म्हणालो. दुसरे काही म्हणता येत नव्हते.

“आणि उतार कशानं पडला?”

“ते मला अजून कळलेलं नाही.”

“यांना कळलेलं नाही!” बाबाने हात पसरले. “आम्हाला कळलंय!”

मग त्याने भट्टीमिस्त्रींना पुढे बोलावले. ते माझे थोरले बंधू. त्यांचा आकडा सर्वांत जास्त उतरला होता. बाबाने त्यांचा हात मनगटापाशी धरून उंच केला. “यांचं कडं आज सिद्ध झालं! पथ्य संपलं. आता मीठ खा, पिंपातलं पाणी प्या, राजासारखे राहा. शनिवारी बाकीच्यांची कडी सिद्ध होतील. त्या दिवशी आपापल्या गोळ्या घेऊन या. आपल्याच भट्टीत अर्पण करू.”

दालनाबाहेर मी दादांना गाठले.

“दादा, गोळ्या टाकणार तुम्ही?”

“का? एकशे बत्तीस कोणी लिहिलं? तूच ना रे, धाकट्या?”

“गोळ्या चालू असताना एकशे बत्तीस आहे ते.”

“गोळ्या चार वर्षं खातोय. चार वर्षांत कधी एकशे पन्नासच्या खाली आला होता?”

नव्हता आला. आमच्या वडिलांना याच भट्टीपाशी झटका आला. उजवे अंग गेले आणि सात वर्षे ते दादांच्या हाताने जेवले. तेव्हा दादांचे वय सतरा होते. शाळा त्यांनी सोडली, मी सोडली नाही. या माणसाला मी रक्तदाब काय असतो हे शिकवणार होतो, आणि माझ्याकडे शिकवायला एकही वाक्य नव्हते.

दोन दिवसांनी वहिनी गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात आल्या. सवयीने मी पट्टा बांधला. एकशे अडतीस. कुटुंबांच्या तपासणीत, दीड महिन्यापूर्वी, एकशे छप्पन्न होता. मी पाच मिनिटे थांबून पुन्हा मोजला. तोच आकडा.

“वहिनी, तुम्ही कडं घालता?”

“छे! मला तांब्यानं खाज सुटते. का हो भाऊजी, वाढलंय का?”

“उतरलंय. काही औषध? जडीबुटी?”

“सासूबाई गेल्यापासून मला कोणी काढासुद्धा विचारला नाही.”

“मग तीन आठवड्यांत तुमच्याकडे काय बदललं?”

वहिनींनी विचार केला. “काही नाही. हे अळणी खात होते तेवढंच. बाबांचं पथ्य ना, कडं सिद्ध होईपर्यंत मीठ शिवायचं नाही. मीठ पोटात गेलं की कडं हिरवं पडतं म्हणे.”

“आणि तुम्ही?”

“मी काय, दोन माणसांसाठी दोन पातेली चढवू? जे त्यांना तेच मला. पहिले आठ दिवस घास फिरायचा तोंडात. आता भाजीची चव कळायला लागली. यांनी परवापासून मिठाची बरणी पुन्हा ताटाशी घेतलीय, मी नाही घेतली.”

मी लिहिता लिहिता थांबलो. हिरवे पडण्याची गोष्ट साधी होती. घामात मीठ असते, ओलसर मनगटावर तांबे आज ना उद्या हिरवे पडतेच. म्हणजे गुण आला नाही तर दोष नेहमी शिष्याचा. पण पथ्य? पथ्याकडे मी पाहिलेच नव्हते. चिडून मी तीन आठवडे कड्याकडेच पाहत होतो, बाबाला हवे होते अगदी तसे.

आणि पथ्यात आणखी एक गोष्ट होती. आमच्या भट्टीपाशी मिठाच्या पाण्याचे पिंप असते. भट्टी उघडी होती, अंगातून घामाच्या धारा लागत, त्या काळी ते ठेवले गेले. पुढे भट्टी बदलली, मध्ये भिंत आली, डोक्यावर पंखे आले. पिंप राहिले. आमच्याकडे माणूस ते पाणी तहान लागली म्हणून पीत नाही, भट्टीवाला आहे म्हणून पितो. मी ग्लासभर पाणी मोजून आटवले. तळाशी अर्धा लहान चमचा मीठ उरले. दादा दिवसाला चार ग्लास पीत. दिवसभरात सगळ्या पदार्थांतले मिळून एका लहान चमच्यापेक्षा जास्त मीठ पोटात जाऊ नये. दादांच्या पोटात दोन चमचे नुसत्या पाण्यातून जात होते. कडे घातल्यावर पथ्य म्हणून भट्टीवाल्यांनी हे पिंपही सोडले होते.

मग बाराव्याचे काय? तो आमचा स्टोअरकीपर, एकटा राहणारा. बाबाने त्याच्या श्रद्धेत खोट काढली होती.

“पथ्य पाळलंत का?” मी विचारले.

“डॉक्टर, खानावळीत जेवतो मी. मालकाला सांगितलं, मीठ कमी घाल. तो म्हणाला, उद्यापासून तुम्हीच कमी येत जा.” त्याने आवाज खाली आणला. “आणि दुपारचं तळलेलं खारं सुटत नाही. बाबांना सांगू नका. शनिवारी मीही गोळ्या नेणार आहे. निदान तिथे तरी मागे नको.”

शनिवारी सगळे भट्टीच्या दालनात जमले. भट्टीचे लहान दार उघडून ठेवले होते आणि त्यातला पांढरा उजेड पुढच्या रांगेच्या तोंडावर पडला होता. बारा जण हातात गोळ्यांची पाकिटे घेऊन उभे होते. सर्वांत पुढे दादा. त्यांच्या मानेवरची शीर मला दारातून दिसली.

“थांबा,” मी म्हणालो. “आधी मोजू द्या.”

“सिद्ध पुरुषाला मोजायचं नसतं,” बाबा म्हणाला.

“त्या दिवशी तर माझ्याच आकड्यांवर विश्वास ठेवायला सांगत होतात.”

गर्दीत खसखस पिकली. बाबाने मान हलवली. “मोजा, मोजा. जावई आहे घरात.”

मी दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर दादा, दुसरीवर वहिनी. वहिनींना पाहून दादा तडकले. “हिला कशाला आणलंस? घरचं चारचौघांत कशाला?”

“घरचंच आहे म्हणून आणलं. दोघंही पाच मिनिटं गप्प बसा.”

“लग्नाला तीस वर्षं झाली,” वहिनी म्हणाल्या, “एवढा वेळ हे गप्प बसलेले मी पाहिलेले नाहीत.”

पाच मिनिटे भट्टीचा घुमणारा आवाज तेवढा येत होता. दादा हातातले पाकीट बोटांनी दाबत होते. मी दोघांचे हात छातीच्या उंचीवर टेकवले, दोनदा मोजले आणि आकडे खडूने खोक्यावर लिहिले.

वहिनी, एकशे छत्तीस. दादा, एकशे बहात्तर.

“गर्दीचा परिणाम!” बाबा ताडकन म्हणाला.

“गर्दी दोघांनाही तीच आहे.”

“मग श्रद्धा उणी पडली.”

“कुणाची? वहिनींनी तर कडंच घातलेलं नाही.”

बाबा दादांकडे वळला. “मिस्त्री, टाका गोळ्या. हा परीक्षेचा क्षण आहे.”

दादा उठले. भट्टीपासून ते तीन पावलांवर होते. मी त्यांचा हात धरू शकलो असतो, धरला नाही. फक्त विचारले, “दादा, भट्टीचा काटा एकदम वर गेला तर तुम्ही काय करता?”

“काय करणार? आधी शेवटचं काय बदललं ते बघतो.”

“मग बघा. पाच दिवसांत कडं काढलंत?”

“नाही.”

“गोळी चुकली?”

“नाही. आजपर्यंत घेतलीय.”

“मग बदललं काय?”

दादा भट्टीकडे पाहत राहिले. मग खोक्यावरच्या दोन आकड्यांकडे. त्यांचा चेहरा मला परिचित होता. बिघाड सापडला की तो असाच निर्विकार होतो.

“पिंप,” ते म्हणाले. “पिंप सुरू केलं. आणि बरणी.” ते बाबाकडे वळले. “सोळा दिवस तू मीठ तोडलंस, आणि नाव कड्याचं लावलंस?”

“पथ्य हे कड्याचंच अंग आहे...”

“मग आता मीठ खा म्हणून का सांगितलंस? गोळी टाक म्हणून का सांगितलंस?”

बाबा माणसांकडे पाहत होता, आणि रांगेतली माणसे एकेक करून पाकिटे खिशात घालत होती. दादांनी आपले पाकीट घातले आणि भट्टीचे दार लावून टाकले. “फुकट उष्णता चाललीय,” ते म्हणाले.

कारण येथे लिहून ठेवतो. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. रक्तवाहिन्या त्याच राहतात, पण त्यांतून वाहणारे रक्त त्यामुळे वाढते आणि दाब चढतो. मीठ कमी केले की पुष्कळांचा दाब काही आठवड्यांत उतरतो, पुन्हा खाल्ले की चढतो. भट्टीपाशी काम करणाऱ्याने पाणी भरपूर प्यावे. नेहमीच्या जेवणातले मीठ बहुतेकांना पुरते, आणि घाम फार जात असेल तर डॉक्टरांना विचारावे. दाब उतरला म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये. आणि कोणी गुण आलेला दाखवला, तर गुण खरा आहे का एवढेच विचारून थांबू नये; त्या दिवसांत आणखी काय बदलले तेही विचारावे. अकरा जणांनी मीठ सोडले, त्यांचा रक्तदाब उतरला. बाराव्याने सोडले नाही, त्याचा उतरला नाही. वहिनी त्या अकरा जणांपैकी एकाच्या पातेल्यातले जेवत होत्या, म्हणून त्यांचाही उतरला. तांब्याने यात काहीही केले नाही.