कंपन्यांना पोचवणाऱ्या वकिलांचा बँड

मी वकिलाच्या गळ्यातला पांढरा बँड बोलतोय. लग्नात वाजतो तो नव्हे हो! काळ्या कोटावर दोन पांढऱ्या पट्ट्या लोंबतात ना, तो मी.

माझे मालक भोरचे ॲडव्होकेट दीनानाथ. त्यांचं काम एकच, बुडालेल्या कंपन्या रीतसर बंद करणं. तीस वर्षं त्यांच्या गळ्याला चिकटून मी आधी मुंबईच्या हायकोर्टात आणि मग कंपन्यांच्या न्यायाधिकरणात उभा राहिलोय. साहेबांचं एक ठरलेलं इंग्रजी वाक्य होतं, ही कंपनी सावरण्याच्या पलीकडे गेली आहे. ते म्हणताना गळा असा काही मऊ चालायचा! बाहेर कामगार ताटकळत असायचे. साहेब त्यांना "बघू, होईल काहीतरी" म्हणून गाडीत बसायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही. मी कडक इस्त्रीचा होतो.

गेल्या उन्हाळ्यात वेल्ह्याहून आक्काबाई आल्या. वरच्या वाडीतल्या मेंढरं पाळणाऱ्या बायांनी लोकरीची कंपनी काढली होती, या तिच्या अध्यक्ष. पावसाळ्यात मेंढरं घेऊन सगळी वाडी पूर्वेच्या कोरड्या रानात उतरते. नेमक्या तेव्हा सरकारी नोटिसा आल्या, दाराला कुलूप बघून परत गेल्या. ही कंपनी काही धंदाच करत नाही असं ठरलं आणि नोंदीतून तिचं नाव उडालं. बँकेतलं खातं गोठलं, लोकर शेडमध्ये पडून राहिली.

"सायेब, लई राबून हुबी केलीया," आक्काबाई म्हणाल्या. "ती गेली तर आमाला पुन्यांदा दलालाच्या दारात जावं लागंल. तो लोकर मातीमोलानं नेतोय. कायबी करा, पन कंपनी जित्ती करा."

साहेब नुसतेच कागद उलटेपालटे करत बसले. जिवंत कंपनीचं काय करायचं असतं, त्यांना कुठं ठाऊक? चहा घेऊन आलेल्या सौदामिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आजवर इतक्या कंपन्यांना पोचवलंत. एकीला तरी जगवा की!"

आली का पंचाईत!

तारखेला साहेब उभे राहिले. तयारी चोख होती. पण जिभेची सवय वाईट. फाडफाड इंग्रजीत ते बोलून गेले, ही कंपनी सावरण्याच्या पलीकडे गेली आहे. अरे देवा! आपल्याच अशिलाच्या विरुद्ध! समोरचे सरकारी वकील तर खूश होऊन मान डोलवायला लागले.

आक्काबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मागून हळूच विचारलं, "सायेब, समोरचा मानूस लई खुशीत दिसतोय. तुमी आमच्याच बाजूनं बोलताय न्हवं?"

साहेबांनी वळून आक्काबाईंकडे पाहिलं. मी घामानं भिजलो.

"माफ करा, चुकलो," ते न्यायाधीशांना म्हणाले. "मेलेल्या कंपन्यांबद्दल बोलायचीच सवय झालीय मला. ही जिवंत आहे. दाराला कुलूप होतं, कारण माणसं कामावर गेली होती."

ना कलम, ना दाखला. इतका वाईट युक्तिवाद साहेबांनी जन्मात केला नसेल. पण न्यायाधीशांना तो पटला आणि कंपनीचं नाव नोंदीत परत चढलं.

भोरात मात्र बोभाटा झाला, दीनानाथरावांना आता एक साधी कंपनीसुद्धा बंद करता येईना! बड्या अशिलांनी वकील बदलले. साहेब आता वेल्ह्याच्या त्या शेडवर जाऊन बसतात, उघड्या गळ्यानं. मी पडलोय कपाटात.

परवा एक नवे वकील मला मागायला येऊन गेले. अनुभवी गळ्यातला बँड म्हणे शुभ असतो. जाईन की, आनंदानं जाईन. फक्त बाबा रे, एक कर. कंपनी मेली असं कोर्टाला सांगण्याआधी तिच्या दारात जाऊन ये. कुणी दिसलं नाही, तर शेजारी तेवढं विचार, माणसं कुठं गेलीत?