साधना दोनला गेली होती

"म्हणजे मशीन खोटं बोलतंय?" डॉक्टर जनार्दन यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खोटं न्हाई, साहेब. त्याला दिसलंच न्हाई," एकनाथ म्हणाला.

पौड रस्त्यावरच्या त्या वीस खाटांच्या दवाखान्यातले संगणक अकरा वर्षं एकनाथच सांभाळत होता. कोणत्या संगणकावर कोण बसलं, कोण उठलं हे टिपणारी एक सर्व्हिस, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, त्याने गेल्या वर्षी बसवली होती. ती पडद्यावर दिसत नसे, मागे गुपचूप चालू राही. कोणी लॉगिन केलं की नाव धरायचं, लॉगआउट केलं की सोडायचं, एवढंच तिचं काम. औषधाच्या प्रत्येक नोंदीखाली जे नाव उमटे, ते तिच्याच सांगण्यावरून.

बारा दिवसांपूर्वी सात नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला दुप्पट डोस लिहिला गेला. म्हातारा बचावला. नोंद दोन चाळीसची, खाली नाव नर्स साधनाचं. "माझी ड्युटी दोनला संपली, मी गेले होते," ती सांगत राहिली. पण तिच्या लॉगआउटची नोंद नव्हती. डॉक्टरांनी तिला सगळ्यांदेखत घरी पाठवलं. लॉगिन-लॉगआउटची यादी त्यांना छापून देणारा एकनाथच.

आज यूपीएसची निकामी झालेली बॅटरी बदलताना त्याने संगणकाची स्वतःची, आतली नोंद उघडली आणि तो तिथेच बसून राहिला. त्या दिवशी दोनला दहा कमी असताना लाईट गेली होती. संगणक एकदम बंद पडला, साधनाचं लॉगआउट टिपायला कोणी उरलंच नाही. लाईट आल्यावर दुसऱ्याच बाईने लॉगिन केलं, तेव्हा सर्व्हिस अजून उठायची होती. जुना संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून तिला दोन मिनिटं उशिरा उठायला एकनाथनेच लावलं होतं. उठल्यावर तिच्या लेखी खुर्चीत साधनाच होती.

"मग कोण होतं?"

"अनुष्का."

डॉक्टरांनी अनुष्काला, त्या नव्या नर्सला, बोलावून घेतलं. ऐकताच तिचा चेहरा उतरला. "हो सर, मीच लिहिलं. वाचताना चूक झाली."

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"भीती वाटली. आणि मला कोणी विचारलंच नाही."

डॉक्टरांनी पत्र लिहिलं. ते शिपायाबरोबर पाठवणार होते. एकनाथ म्हणाला, "मीच जातो."

रिह्याला, साधनाच्या गावी, खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. साधनाने ओढणीला हात पुसले, पत्र वाचलं, घडी घातली.

"भाऊ, तुमी मशीनला इचारलंत. मला इचारलं असतं तर कुटल्या गाडीनं घरी आले त्येबी सांगितलं असतं."

"व्हय. चुकलं माझं."

"सोमवारपासून बोलावलंय. बघते."

तिची सासू रत्नाबाई सूप खाली ठेवून पुढे आली. "कागद तुमचा तुमाला. बारा दिस लोकं इचारत्यात, सून घरी का बसलीया. त्यास्नी कोन सांगनार?"

एकनाथने खळ्यावरच्या बायांकडे पाहिलं. सर्व्हिस म्हणजे काय, ती उशिरा का उठली, सगळं त्याने सांगितलं. बाया ऐकत राहिल्या, झोडणी थांबली. तेवढ्यात बांधावरून डोक्यावर भारा घेऊन दोघीजणी आल्या.

"काय म्हनतोय गं ह्यो?"

"परत सांगा," रत्नाबाई म्हणाली.

त्याने परत सांगितलं. मग पलीकडच्या वावरातनं हैबतराव आले, गावातले जाणते. रत्नाबाईने नुसतं एकनाथकडे पाहिलं.

या खेपेला त्याने सर्व्हिसचं नावच काढलं नाही. पायातल्या चपला काढून तो खळ्यात उतरला आणि म्हणाला, "चूक माझी. साधना दोनला गेली होती."