उबेतली बेटं

हेमंतातली दुपार कलत होती. टेकडीवरच्या वाळल्या गवतात केशरी ऊन रेंगाळत होतं. प्रयोगशाळेच्या खिडकीला मात्र काळा पडदा, आणि पडद्याआड शाल्मली. एकटी.

सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली पाण्याचा थेंब. थेंबात तरंगणारे स्निग्धाचे बुडबुडे, पेशीच्या पापुद्र्याची माणसानं घडवलेली रूपं. तलम, दिव्यात चमकणाऱ्या रंगानं तेजोमय, फुंकरीनंही विरतील असे. त्यांत दोन जातींची स्निग्धं, आणि दोन्हींत मिसळलेलं कोलेस्टेरॉल. गारठ्यात ती स्निग्धं एकमेकांपासून दुरावतात, उजेडाच्या सागरात काळोखाची बेटं उगवतात, हे जुनंच. शाल्मलीचा प्रश्न वेगळा होता: देहाच्या उबेतही ती दुरावतील का?

‘नाही’ आलं, की पुन्हा पहिल्यापासून. ‘हो’ असं उत्तर आलं, की काम पुरं. काम पुरं, की मिरजेची गाडी. मिरजेला, आजीच्या कडेवर, तिचं दात येऊ लागलेलं बाळ.

आणि आज उबेतच बेटं उगवली! आधी एक, मग कितीतरी. श्यामल, वाटोळी, बाळाच्या बुबुळांसारखी. ती बघत राहिली. अनिमिष, अधाशी, बघतच राहिली.

बाहेरच्या खोलीत काम करणारी निलोफर आत डोकावली. “दिवा कधीचा चालू आहे गं?”

“मी नुसती बघत होते.”

“बघत होतीस की दृष्ट लावत होतीस? अगं बाई, एवढा वेळ प्रकाशात धरलंस तर करपणारच ना ते! ही बेटं दिव्यानं पाडलीत, उबेनं नाही.” मग आवाज मऊ करून, “नवा थेंब घे. दिवा बंद ठेव. आणि एकदाच बघ, राणी.”

नवा थेंब. तीच ऊब. आणि काळोख, गच्च, मखमली, मुका काळोख. त्या काळोखात शाल्मली बसून राहिली. बघायचं नाही, बघायचं नाही. अवेळीच तिचं दूध दाटून आलं, कुर्ता ओलावला. ते प्यायला इथे कुणी नव्हतं.

मग निमिषभर दिवा.

बेट नव्हतं. किनारा नव्हता. एकच उजळ, नितळ, निखळ वर्तुळ.

“काय गं?” निलोफरनं हळूच विचारलं.

“नाही दुरावत,” शाल्मली म्हणाली, आणि तिनं दिवा मालवला.

काळोखात, कुणाच्याही नजरेवाचून, ते बुडबुडे तरंगत राहिले. देहाच्या उबेत, एकमेकांत विरघळलेले, अखंड, अविभक्त. आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, ओल्या कुर्त्यातली ऊब हळूहळू निवत गेली.